पांढरीच्या मातीतील जुने दाणे

आपल्या शेतकऱ्याने गावची जमीन फार पूर्वीपासून दोन नावांनी ओळखली आहे. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर माणसे राहतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, केरकचरा यांचे थरावर थर साचून गावठाणाची माती पांढुरकी होते. गाव उठून गेले तरी ती माती मागे राहते आणि पुढे तिचा उंचवटा तेवढा दिसतो. अशा ओसाड पांढरीची माती गाडीने आणून शेतात पसरण्याची रीत महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत आहे. राखेमुळे पिकास थोडाफार गुण येतो, हेही खरे आहे. परंतु या मातीबरोबर आपण काय उचलून नेतो, याचा विचार शेतकऱ्याने आणि त्याला सल्ला देणाऱ्या कृषी खात्यानेही क्वचितच केला आहे. तो करण्याची वेळ आता आली आहे, असे माझे मत आहे.

प्राचीन माणसाने काय पेरले आणि काय खाल्ले, याचा पुरावा ग्रंथांपेक्षा मातीत अधिक आहे. वनस्पतींच्या अशा अवशेषांचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र आज उभे आहे आणि त्याची सर्वांत नेत्रदीपक उदाहरणे कोरड्या प्रदेशांतील गुहांतून व थडग्यांतून आली आहेत. दक्षिण स्पेनमध्ये आल्बुन्योल गावाजवळ ‘वटवाघळांची गुहा’ म्हणून ओळखली जाणारी एक प्राचीन दफनगुहा आहे. १८५७ मध्ये खाणकामगारांना तेथे मानवी सांगाड्यांबरोबर गवताच्या टोपल्या आणि पादत्राणे मिळाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांतील काही टोपल्या सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या आहेत. तरीही त्यांची वीण डोळ्यांनी स्पष्ट मोजता येते. मृत समुद्राजवळच्या एका कोरड्या गुहेत सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचे जवाचे दाणे मिळाले. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांतील जनुकद्रव्याचे वाचन केले, तेव्हा तो जव त्याच प्रदेशात आजही पेरल्या जाणाऱ्या गावरान वाणांच्या जवळचा असल्याचे आढळले.

हे कसे घडते, हे समजून घेणे कठीण नाही. वनस्पतीचा कोणताही भाग कुजण्यास ओलावा, हवा आणि सूक्ष्म जीव या तिन्हींची गरज असते. यांपैकी एकाचा अभाव झाला की कुजण्याची क्रिया मंदावते किंवा थांबते. वाळवंटातील गुहेत ओलावा नसतो, तर दलदलीच्या तळाशी हवा नसते. म्हणून अशा ठिकाणी लाकूड, गवत आणि धान्य हजारो वर्षे टिकू शकते.

आपल्याकडील परिस्थिती

गोंदिया जिल्ह्यात ही अनुकूलता नाही. येथे पावसाळ्याचे चार महिने जमीन पाण्याने तुडुंब असते आणि उन्हाळ्यात ती तडकते. सिहार असो, मोरांड असो की कन्हार, ओले-कोरडे होण्याच्या या चक्रात पुरलेला साधा दाणा काही महिन्यांतच नाहीसा होतो. असे असूनही आपल्या हवामानात वनस्पतींचे अवशेष मुख्यतः चार वाटांनी टिकतात आणि त्या वाटा शेतकऱ्याने ओळखून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली वाट कोळसा होण्याची. चुलीत किंवा आगीत सापडलेला दाणा भरपूर हवा मिळाली तर जळून राख होतो. परंतु राखेखाली दबून, अपुऱ्या हवेत भाजला गेला तर त्याचा कोळसा होतो. कोळसा सूक्ष्म जीवांच्या उपयोगाचा नाही, म्हणून तो कुजत नाही. दाणा थोडा आखूड होतो व फुगतो, पण त्याचा आकार, त्याची चीर आणि अंकुराची जागा ओळखू येते.

दुसरी वाट तांब्याच्या सान्निध्याची. तांबे गंजताना जे क्षार सुटतात ते सूक्ष्म जीवांना घातक असतात. शिवाय ते धाग्यात मुरून त्याला जणू खनिजाचे रूप देतात. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे आणि ते दफनातीलच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण काळातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या पोटात दोऱ्याचा अंश शिल्लक होता. कापूस-तंतूंचे तज्ज्ञ अ. ना. गुलाटी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो तपासला, तेव्हा त्यात रेशमाबरोबर कापसाचे तंतू आढळले. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे अशाच दफनातील मण्यांत जवसाच्या झाडाचा धागा मिळाला. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे तर नवाश्मयुगीन थडग्यातील तांब्याच्या एका मण्यात कापसाचे तंतू सापडले असून त्यांचा काळ इसवी सनापूर्वीचे सहावे सहस्रक मानला जातो. आई-बापांनी लेकराच्या गळ्यात घातलेली ही माळ पुढे कापसाच्या इतिहासाचा आधार व्हावी, हे विलक्षण आहे.

तिसरी वाट ठशाची. पूर्वीचे कुंभार आणि घरे बांधणारे लोक मातीत तूस व भुसा मिसळत. भांडे भाजले वा भिंत जळाली की तूस जाते, पण त्याचा ठसा कायम राहतो.

चौथी वाट वाळूच्या कणासारख्या अंशाची. धानाचे झाड जमिनीतून सिलिका घेऊन पानांत व तुसात साठवते. झाड कुजले तरी पेशींच्या आकाराचे हे सिलिकाकण मातीत राहतात. धानाच्या तुसातील दोन शिंगांचे कण आणि पानातील पंख्याच्या आकाराचे कण तज्ज्ञाला चटकन ओळखता येतात. कोळसलेला एकही दाणा मिळाला नाही तरी तेथे धान होते किंवा नाही, हे त्यावरून सांगता येते.

विदर्भातील शिलावर्तुळे

विदर्भात प्राचीन दफनाची जी स्थळे सर्वाधिक आहेत ती गुहांची नसून दगडांच्या वर्तुळांची आहेत. नागपूरजवळील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड ही नावे अभ्यासकांस परिचित आहेत. भंडारा जिल्ह्यातही तिलोता खैरी व पिंपळगाव येथे या महापाषाणीय संस्कृतीचे अवशेष आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांभोवती मोठमोठे धोंडे गोलाकार मांडले आणि त्यांच्याबरोबर भांडी, कुऱ्हाडी, दागिने व काही ठिकाणी घोडेही पुरले. जुनापाणी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केले. माहुरझरी व टाकळघाट-खापा येथे नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी.

या थडग्यांनी त्या लोकांची प्रतिष्ठा दाखविली, पण त्यांचे जेवण दाखविले नाही. ते दाखविले त्यांच्या वस्त्यांतील राखेने. १९७८ ते १९८० मधील नायकुंडचे उत्खनन आणि त्यानंतरचे भागीमहारीचे उत्खनन यांतील मातीचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे वनस्पती-पुरातत्त्वज्ञ मु. द. काजळे यांनी केला. तांदूळ, गहू, मसूर, वाटाणा यांसारखी पिके त्यातून पुढे आली. या यादीकडे शेतकऱ्याने आपल्या दृष्टीने पाहावे. तांदूळ हे खरिपाचे पीक. गहू, मसूर, वाटाणा ही रब्बीची. म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भातील माणूस वर्षाचे दोन्ही हंगाम साधीत होता आणि तृणधान्याला कडधान्याची जोड देत होता. नर्मदेकाठच्या नावडातोली येथे तर त्याहूनही जुन्या थरांत लाख आणि जवस ही दोन्ही पिके मिळाली. आपल्या बांधीत उभ्या धानात लाखोळीचा उतेरा टाकणारा शेतकरी ज्या पिकाला हलके समजतो, त्याची वंशावळ इतकी जुनी आहे.

मेलेल्या दाण्याचा उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भाबडे उत्तर देऊ नये. एकोणिसाव्या शतकात युरोपात ईजिप्तच्या थडग्यातील गहू म्हणून बियाणे विकले जाई आणि ते उगवून भरघोस पीक येते, अशी हूल उठली होती. शास्त्रीय परीक्षणात थडग्यातील खरा गहू कधीही उगवला नाही. विकला जाणारा गहू ताजाच होता. मसादा येथील सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये पेरल्यावर उगवली, हे खरे. पण ती कठीण कवचाची बी होती आणि अतिशुष्क हवेत राहिली होती. गहू किंवा धान यांचे तसे होत नाही. तेव्हा कोणी ‘प्राचीन गुहेतील बियाणे’ म्हणून पुडी विकावयास आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

मग उपयोग कोणता? एक उपयोग साठवणुकीच्या ज्ञानाचा आहे. गुहेत ज्या कारणाने दाणा टिकला आणि बांधीत ज्या कारणाने कुजला, तीच कारणे आपल्या ढोलीतही काम करतात. बियाण्यातील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एका टक्क्याने कमी केला की बियाण्याचे आयुष्य अदमासे दुप्पट होते आणि साठवणुकीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले तरी तसेच घडते. म्हणून साध्या पोत्यात ठेवावयाच्या धानाच्या बियाण्यात १३ टक्क्यांहून अधिक आणि हवाबंद डब्यात ठेवावयाच्या बियाण्यात ८ टक्क्यांहून अधिक ओलावा असू नये, असे प्रमाण ठरविले आहे. पुंजणे ओले असताना घाईने मळलेले धान बियाण्यासाठी ठेवणे म्हणजे ते मातीत पुरण्यासारखेच आहे.

दुसरा उपयोग पिकांच्या निवडीचा आहे. कोणत्या मातीत, कोणत्या पावसात कोणती पिके शतकानुशतके टिकली, याची अशी नोंद दुसरीकडे कोठेही मिळत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ उत्खननात दिसले की, जव पिकविणारी, पाणी वळवून शेती करणारी वस्ती इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे हलाखीत गेली आणि लोक शिकार व पशुपालनावर अधिकाधिक विसंबू लागले. पाऊसमान घटल्यामुळे हे झाले, असे उत्खननकर्त्यांचे मत होते. पाऊस लहरी झाल्याच्या आजच्या काळात असा दाखला केवळ कुतूहलाचा राहत नाही.

तिसरा उपयोग गावरान वाणांशी निगडित आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. जुना दाणा ओळखावयाचा तर तो आजच्या दाण्याशेजारी ठेवून पाहावा लागतो. मृत समुद्राजवळच्या जवाचे नाते जुळले, कारण त्या मुलखातील गावरान जव अजून जिवंत होता. आपल्याकडे चिन्नोर, दुबराज, लुचई, काळी कमोद यांसारखी धाने मोजक्या बांधींत उरली आहेत. उद्या वैनगंगेच्या खोऱ्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा कोळसलेला तांदूळ मिळाला आणि तोवर ही धाने नाहीशी झालेली असली, तर तो दाणा कशाशी ताडून पाहावयाचा? जमिनीने राखलेला दाणा मेलेला असतो. जिवंत दाणा शेतकऱ्यानेच दरवर्षी पेरून राखावा लागतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे धानाच्या वीस हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे आणि त्याचा पाया डॉ. रा. ह. रिछारिया यांच्यासारख्या संशोधकाने गावोगाव फिरून घातला. पण तेथील नमुना देणाराही मुळात शेतकरीच होता.

नाश कसा होतो

हा ठेवा आज तीन मार्गांनी नाहीसा होत आहे. पांढरीची माती वाहून नेणे हा जुना मार्ग. ईजिप्तमध्येही जुन्या वस्त्यांची माती ‘सेबाख’ नावाने खत म्हणून खणली गेली आणि तीत असंख्य प्राचीन वस्त्या नष्ट झाल्या. दुसरा मार्ग बांधी सपाट करताना शिलावर्तुळाचे धोंडे उचलून बांधात घालणे हा. तिसरा आणि सर्वांत वेगवान मार्ग यंत्राचा आहे. पूर्वी कुदळीने खणणाऱ्याला राखेचा थर दिसत असे. आता शेततळे किंवा मुरमाची खाण खणणारे यंत्र एका दिवसात जो खड्डा करते, त्यात एखादे अख्खे जुने घर निघून गेले तरी चालकास कळत नाही. शेततळी हवीत, यात शंका नाही. प्रश्न फक्त जागेच्या निवडीचा आहे.

खतासाठी पांढरीचीच माती हवी, असेही नाही. तिच्यातील अन्नद्रव्यांचे प्रमाण जागोजाग बदलते. त्यापेक्षा शेणखत, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, धैंचा आणि बोडीचा गाळ हे उपाय अधिक भरवशाचे आहेत. आणि ते दरवर्षी पुन्हा मिळतात. पांढर एकदा गेली की गेली.

काय करावे

कृषी खात्याने शेततळ्याची जागा पाहतानाच दोन प्रश्न विचारावेत: येथे दगडांचे वर्तुळ आहे काय? खापरे व राख असलेला उंचवटा आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास त्याच शेतकऱ्यास त्याच्या जमिनीत दुसरी जागा द्यावी. मात्र त्यापायी त्याचा क्रम किंवा अनुदान जाऊ नये. ही अट मी मुद्दाम घालतो. अवशेष सापडल्याचे सांगितले तर जमीन जाईल, ही भीती शेतकऱ्याच्या मनात आहे आणि ती निव्वळ उपदेशाने जाणार नाही. वस्तुतः केवळ अवशेष सापडले म्हणून जमीन आपोआप सरकारजमा होत नाही. एखादे स्थळ संरक्षित घोषित करण्यापूर्वी शासनास अधिसूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. परंतु संरक्षित झाल्यावर खोदकामावर बंधने येतात, हेही शेतकऱ्यापासून लपवू नये. सबंध समाजाच्या ज्ञानासाठी ज्याने आपल्या शेताचा तुकडा मोकळा ठेवावयाचा, त्याचा तोटा त्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

शेतकऱ्याने करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. खणताना खापरे, हाडे, राखेचा थर किंवा काळे दाणे दिसले की काम तेथेच थांबवावे. दाणे वेचू नयेत, धुऊ नयेत आणि घरच्या धान्याजवळ आणू नयेत. ओलसर प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच भरू नयेत. खोली दोरीने मोजून लिहून ठेवावी, जागा मातीने झाकावी आणि तलाठी व तहसीलदार यांच्यामार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे हे १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये बंधनकारकच आहे. पुढचे काम तज्ज्ञांचे. ते माती पाण्यात ढवळतात, तरंगून वर आलेला कोळसा बारीक चाळणीवर धरतात, सावलीत वाळवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. पूर्वी वय काढण्यासाठी मूठभर कोळसा लागत असे. आता एकाच दाण्यावरूनही ते काढता येते. पण त्यासाठी तो दाणा आपल्या मूळ थरातच मिळाला पाहिजे. थरातून सुटलेला दाणा म्हणजे सातबारा नसलेली जमीन. तिचा हक्क सिद्ध करता येत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरचे लोक जमतात. अशा ठिकाणी कुतूहलापोटी कोणी खणू नये. जुन्या दफनभूमीलाही हेच लागू आहे. ज्या समाजाची ती जागा आहे त्याच्या संमतीवाचून तेथे संशोधनही होऊ नये.

शेवटची सूचना कृषी खात्यातील माझ्या सहकाऱ्यांसाठी आहे. प्रत्येक तालुक्यात गावरान धाने, लाखोळी, जवस, मसूर आणि बांधीतील तणे यांच्या बियांचा एक नमुनासंग्रह करावा. प्रत्येक बाटलीवर स्थानिक नाव, गाव, मातीचा प्रकार आणि पेरणीचा काळ लिहावा. त्यातील एक वाटा साकोलीच्या कृषी संशोधन केंद्राकडे आणि एक वाटा नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावा. आणि तिसरा, सर्वांत मोठा वाटा, पुढच्या रोवणीसाठी पऱ्हे टाकावयास शेतकऱ्याकडेच ठेवावा. यासाठी नवीन इमारत नको, की मोठा निधी नको. दिवाळीनंतर धान चुरले जाते, त्या महिन्यात खळ्यांवर फिरून हे काम करता येईल. येत्या हंगामात निदान एका मंडळाने तरी ते हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.